विद्यापीठातली सुरक्षा आणि पर्यावरणाची फाईल तुमच्याकडे आली, आता काय?

ऑर्डर दोन ओळींची असते. 'मूळ कामाव्यतिरिक्त सुरक्षा व पर्यावरण समन्वयक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.' मूळ काम शिकवण्याचं असो, स्टोअर्सचं असो की इंजिनिअरिंग विभागाचं, सोबत येते एक जाडजूड फाईल: मुदत संपलेली प्रमाणपत्रं, प्रदूषण मंडळाची स्मरणपत्रं आणि कोणीतरी कधीतरी भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स. हा लेख त्या फाईलच्या नव्या मालकासाठी आहे. नियम बहुतेक देशभराचे आहेत. कार्यालयं, भंगारवाले आणि पाऊस मात्र मुंबईचे.

कारखान्यात एक मालक, एक गेट, एक खरेदी खातं. विद्यापीठात प्रत्येक प्राध्यापकाची लॅब म्हणजे वेगळं संस्थान. किल्ल्या वेगळ्या, खरेदी वेगळी, विद्यार्थी दरवर्षी नवे. पीएचडी झालेला निघून जातो, त्याच्या बाटल्या कपाटात राहतात. त्यामुळे कारखान्याची पद्धत उचलून इथे लावली की फसते.

१. परवान्यांआधी बाटल्या मोजा

नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात 'कोणकोणते परवाने लागतात' याची यादी शोधायला बसतो. तसं करू नका. कोणता परवाना लागतो हे तुमच्याकडे काय आणि किती आहे यावर ठरतं, आणि ते बहुधा कोणालाच माहीत नसतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये उपकरणं असतात, रसायनं नाहीत. कन्झ्युमेबल रजिस्टरमध्ये रसायन इश्यू झालं की ते संपलं. कपाटात मात्र ते आणखी पंधरा वर्षं जिवंत असतं.

स्टोअरकीपर, त्या लॅबचा असिस्टंट आणि एक संशोधक विद्यार्थी अशी तिघांची टीम करा. एका लॅबला एक दिवस द्या. रकाने इतके पुरेत: बाटलीवरचं नाव, कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक), किती शिल्लक, उघडल्याची तारीख, कपाट आणि फळी, स्थिती. कॅस नंबर वगळू नका, कारण एकच रसायन चार कंपन्यांच्या चार नावांनी ठेवलेलं असतं.

मोजताना चार गोष्टींना हात लावायचा नाही. फक्त फोटो काढायचा, दार बंद करायचं आणि विभागप्रमुखांना लेखी कळवायचं.

इथर, टेट्राहायड्रोफ्युरान, डायॉक्सेन यांच्या जुन्या बाटल्या. हवेशी संपर्क आला की यांच्यात पेरॉक्साइड बनतात. झाकणाच्या आट्यांवर किंवा तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर झाकण फिरवायचंही नाही, घर्षणाने स्फोट होऊ शकतो.

सुकलेलं पिक्रिक ॲसिड. ते पाण्याने ओलं ठेवायचं असतं. बाटली हलवल्यावर कोरडी पूड खुळखुळली की थांबा, असं काही जण सांगतात. हलवून बघायचंच नाही, काचेतून बघायचं.

पिवळं-नारिंगी कवच चढलेलं पोटॅशियम. तेलात बुडवलेलं असलं तरी वर्षानुवर्षांत सुपरऑक्साइड तयार होतो. सुरीने कापायला गेलं की तेल आणि सुपरऑक्साइड एकत्र येऊन भडका उडतो.

फुगलेले कॅन. आतला वायू बाहेर यायची वाट बघत असतो.

याच फेरीत मांडणीही बघा. रसायनं इंग्रजी वर्णक्रमाने लावायची सवय अजून खूप ठिकाणी आहे. त्या क्रमाने सोडियम सायनाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड एकाच फळीवर येतात. आधी गट पाडा (ॲसिड, अल्कली, ज्वलनशील, ऑक्सिडायझर, पाण्याशी पेटणारे, विषारी), मग गटाच्या आत हवा तर वर्णक्रम ठेवा. नायट्रिक ॲसिड इतर ॲसिडांबरोबरही नको. त्याला वेगळा प्लॅस्टिकचा ट्रे द्या. ॲसेटिक ॲसिड नावाने ॲसिड असलं तरी जळतं, त्याची जागा ज्वलनशीलांत.

२. आता कागद

यादी हातात आली की पुढचं बघा. एकेक बाब वेगळ्या कार्यालयाची आहे, आणि एका कार्यालयाला दुसऱ्याशी घेणंदेणं नसतं.

प्रदूषण मंडळाची संमती आणि घातक कचऱ्याचं अधिकारपत्र. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मुख्यालय शीवला आहे, अर्ज मात्र ऑनलाइन. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे. अर्ज फॉर्म १ मध्ये, अधिकारपत्र साधारण पाच वर्षांचं. मंडळ संमती आणि अधिकारपत्र एकत्र देतं, म्हणून वसतिगृहाचं सांडपाणी, जनरेटर आणि लॅबचा कचरा हे तिन्ही आकडे एकाच वेळी तयार ठेवा. इंजिनिअरिंग विभागाने सांडपाण्यापुरता अर्ज केला, लॅबचं नावच नाही, ही नेहमीची चूक.

अग्निसुरक्षा. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिल म्हणजे फॉर्म बी नव्हे. एजन्सी अग्निशामक सिलिंडरांवर नवे टॅग लावून जाते, आपण निश्चिंत होतो आणि प्रमाणपत्र फाईलला लागतच नाही.

इथेनॉल. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. स्टॉक रजिस्टरमधली शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक जुळलीच पाहिजे, बाष्पीभवनाची सबब चालत नाही. एकाच माणसाच्या नावावर कपाट आणि किल्ली ठेवा.

ॲसिड. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या आदेशानुसार शैक्षणिक संस्थांनी ॲसिडच्या वापराचं रजिस्टर ठेवून ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायचं असतं. साठ्याला जबाबदार एक व्यक्ती नेमायची, आणि जिथे ॲसिड वापरलं जातं तिथून बाहेर पडणाऱ्यांची तपासणीही करायची. रजिस्टर बऱ्याच ठिकाणी असतं. सादर करणं राहून जातं.

पेट्रोलियम. २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) असलेला माल 'अ' वर्गात येतो. हेक्झेन, पेट्रोलियम इथर, टोल्युइन यातलेच. एका जागी ३० लिटरपर्यंत विनापरवाना चालतं. एकेका लॅबकडे आठ-दहा लिटर असतं आणि कोणालाच ते जास्त वाटत नाही. इमारतीची बेरीज केली की आकडा सहज पुढे जातो. बेरीज जास्त निघाली तर खरेदी टप्प्याटप्प्याने करा. परवाना काढण्यापेक्षा साठा कमी करणं सोपं आणि सुरक्षितही.

जैववैद्यकीय कचरा. दवाखाना, प्राणिगृह, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक असं काही असेल तर २०१६ चे नियम लागू होतात, शैक्षणिक संस्थांना सूट नाही. पिवळी, लाल, पांढरी, निळी ही वर्गवारी सगळ्यांना पाठ असते. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त न ठेवण्याची मर्यादा विसरली जाते. गणपती किंवा दिवाळीच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत नेमकं तेच होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी गाडी बोलवा आणि कल्चर प्लेट (जंतू वाढवलेल्या बश्या) ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय पिशवीत टाकू देऊ नका.

किरणोत्सर्ग. एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर त्याची नोंद हवी. मंडळ अणुशक्तीनगरला आहे. यंत्र एका प्राध्यापकांच्या नावे नोंदलं आणि ते निवृत्त झाले तर बदल वेळेत करून घ्या.

अर्जांसाठी एक फोल्डर आधीच करून ठेवा: जागेची कागदपत्रं आणि मंजूर नकाशा, बांधकाम क्षेत्रफळ, पाण्याची बिलं, जनरेटरची क्षमता, रसायनांची यादी, मागच्या वर्षीच्या कचऱ्याचं वजन, प्राधिकृत सहीचं पत्र. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. नियमांच्या भाषेत 'ऑक्युपायर' म्हणजे जागेचा ताबा असलेला. तो कुलसचिव किंवा प्राचार्य, तुम्ही नाही. तुमच्या सहीने अर्ज गेला तर उत्तरदायित्वही तुमच्या गळ्यात पडतं. पहिल्याच महिन्यात हे लेखी करून घ्या.

३. लॅबमधला कचरा: कॅन आणि लेबल

प्रत्येक लॅबला झाकणाचे पाच प्रकारचे कॅन द्या: हॅलोजनयुक्त सॉल्व्हंट (क्लोरीनसारखे घटक असलेले द्रावक), हॅलोजनविरहित सॉल्व्हंट, ॲसिड, अल्कली, जड धातूंचं पाणी. एचडीपीई प्लॅस्टिकचे, दहा किंवा वीस लिटरचे. क्लोरोफॉर्म आणि डायक्लोरोमिथेन वेगळे का, असं विद्यार्थी विचारतात. जाळताना हॅलोजनमधून आम्लवायू निघतो, म्हणून त्या कॅनचा दर वेगळा लागतो. हेक्झेनच्या कॅनमध्ये थोडं क्लोरोफॉर्म पडलं तरी अख्खा कॅन महागड्या गटात जातो.

कॅन काठोकाठ भरायचा नाही. मुंबईत मे महिन्यात बंद खोलीचं तापमान सहज ३५ अंशांवर जातं आणि इथर ३४.६ अंशांना उकळतं. वरची किमान एक पंचमांश जागा मोकळी सोडा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नायट्रिक ॲसिड सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये ओतणं. लगेच काही होत नाही. तासाभराने, कधी रात्री, वायू साचून कॅन फुटतो. ब्लीच आणि ॲसिड, ब्लीच आणि अमोनिया, सायनाइड आणि ॲसिड, सोडियम अझाइड आणि डायक्लोरोमिथेन याही जोड्या कॅनवरच लिहून ठेवा. अझाइड बेसिनमध्येही नको. जुन्या इमारतींत शिशाचे किंवा तांब्याचे नळ असतात, तिथे स्फोटक क्षार साठतात आणि प्लंबर पाना लावतो तेव्हा कळतं.

लेबल नियमांतल्या फॉर्म ८ प्रमाणे: पिवळी पार्श्वभूमी, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. मराठी मजकूर विसरू नका, कॅन उचलणारा अटेंडंट तोच वाचतो. प्रिंटरची शाई आपल्या दमट हवेत ओघळते आणि कागद कसर खाते. आतल्या वस्तूचं नाव पेन्सिलीने लिहा, ती उडत नाही, आणि मग वर रुंद पारदर्शक टेप लावा.

'वेस्ट' एवढंच लिहिलेला कॅन परत पाठवा. आत काय आहे ते कळल्याशिवाय कोणी घेणार नाही, आणि तपासणीचा खर्च कधीकधी विल्हेवाटीहून जास्त होतो.

४. कॅम्पसबाहेर: तळोजा, मॅनिफेस्ट आणि ९० दिवस

मुंबई परिसरातला घातक कचरा सामायिक प्रक्रिया केंद्रात जातो. तळोजा आणि महापे इथे अशी केंद्रं आहेत. आधी सदस्यत्व, मग नमुना तपासणी, मग दर, मग गाडी. हा क्रम बदलत नाही, म्हणून पहिल्या खेपेला दोन-तीन महिने धरा. टेंडर काढणार असाल तर आणखी. खरेदी विभागाला सुरुवातीलाच समजावून सांगा की 'सर्वांत कमी दर' इथे फक्त अधिकारपत्र असलेल्यांतून निवडता येतो.

साठवण ९० दिवसांच्या वर चालत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असणाऱ्या लहान उत्पादकांना मंडळ मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. गाडीचा किमान आकार लागतो, म्हणून 'थोडं साठू द्या' असा मोह होतो. त्यापेक्षा मुदतवाढीचा अर्ज करा.

गाडी आली की फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी प्रत तुम्ही मंडळाला पाठवता, पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती आपल्याकडे ठेवता, बाकी पाच गाडीबरोबर जातात. निळी प्रत केंद्राकडून तुमच्याकडे परत यायला हवी. कचरा पोहोचला याचा पुरावा तीच. निळी आली नाही तर गाडी वाटेत कुठे रिकामी झाली हे तुम्हाला सांगता येणार नाही. तिचा पाठपुरावा करा आणि पिवळीला टाचून ठेवा. फॉर्म ३ मधलं रोजचं वजन आणि मॅनिफेस्टमधलं वजन जुळतं का तेही बघा, पाहणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा हेच जुळवतो.

वर्गवारी लिहिताना साधारण हे क्रमांक लागतात: वापरलेलं सॉल्व्हंट २०.२, जनरेटर आणि व्हॅक्यूम पंपाचं तेल ५.१, दूषित रिकामी डबे-बाटल्या ३३.१, चिंध्या आणि कापूस ३३.२.

५. पाणी, वारा आणि सिलिंडर

डोळे धुवायचं आय-वॉश आणि आपत्कालीन शॉवर भिंतीवर असणं वेगळं आणि चालणं वेगळं. शॉवरला मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी लागतं आणि किमान १५ मिनिटं धुवायचं असतं, म्हणजे हजार लिटरच्या वर. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीवर जोडलेला शॉवर सात मिनिटांत कोरडा पडतो. आपल्याकडे महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, त्यामुळे चाचणी सकाळी टाकी भरलेली असताना घेऊन उपयोग नाही. दुपारी चारला घ्या, दर आठवड्याला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. खाली ड्रेन नसेल तर बादली धरा, पण चाचणी टाळू नका.

फ्यूम हूडच्या (वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाच्या) तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर हवा. अ‍ॅनिमोमीटरने वर्षातून एकदा मोजून दारावर तारीख लिहा. मधल्या काळात टिश्यू पेपरची पट्टी काचेच्या खालच्या कडेला लावून ती आत ओढली जाते का बघा. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी ब्लोअर लवकर सडतात, बदलताना पॉलिप्रोपिलीन किंवा फायबरचा घ्या. हूडमध्ये बाटल्या साठवून ठेवल्या की हवेचा मार्गच बंद होतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी प्रयोगशाळेत सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक दगावला, तिघे जखमी झाले. सिलिंडर साखळीने बांधा, उंचीच्या दोन तृतीयांशावर. वापरात नसेल तर टोपी हवी. रंग ओळखायला शिकवा: हायड्रोजन लाल, ॲसिटिलिन मरून, ऑक्सिजन काळा (वैद्यकीय असेल तर खांदा पांढरा), नायट्रोजन करडा आणि खांदा काळा. ॲसिटिलिनला तांब्याची नळी कधीच नाही. लिफ्टमधून सिलिंडर जात असताना आत माणूस नको. वरच्या मजल्यावर दुसऱ्याने घ्यावा.

६. सांडलं तर

प्रत्येक मजल्यावर एक बादली: २ किलो खायचा सोडा, १ किलो सायट्रिक ॲसिड, १० किलो कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट, अर्धा किलो गंधकाची पूड पाऱ्यासाठी, पीएच पेपर, प्लॅस्टिकचं सुपडं, जाड पिशव्या, गॉगल, जाड नायट्राइल हातमोजे. रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटवर, सुरक्षेचं सामान नागदेवी स्ट्रीटवर मिळतं. रेट कॉन्ट्रॅक्टची वाट बघत बसण्याइतकी ही खरेदी मोठी नाही. पाऱ्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, थेंब बारीक होऊन वाफ वाढते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आधी आणा, मग बाटली.

पातळ निळे हातमोजे डायक्लोरोमिथेन काही मिनिटांतच पार होऊ देतात. एन-९५ मास्क वाफ अडवत नाही. या दोन गैरसमजांवर नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं खर्च करा, बाकीची स्लाइड शो कमी केली तरी चालेल.

७. पावसाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई विद्यापीठाचा कलिना कॅम्पस त्या वेधशाळेच्या जवळच आहे, मिठी नदीही लांब नाही. सखल भागात तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये जमिनीपासून तीन फुटांखाली रसायन ठेवू नका. सोडियम, लिथियम, हायड्राइड, फॉस्फरस पेंटॉक्साइड मे महिन्यात वरच्या मजल्यावर हलवा. घातक कचऱ्याची पावसाळ्याआधीची शेवटची गाडी ३१ मेच्या आत बोलवा. महापालिका मोठ्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते. त्या दिवशी सिलिंडर किंवा सॉल्व्हंटची डिलिव्हरी घेऊ नका.

८. भंगार देताना

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं गॅमा इरॅडिएटर (किरणोत्साराचा मारा करणारं यंत्र) २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात गेलं. दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० मुळे एक कामगार मेला.  जुनी वस्तू बाद करण्याच्या, म्हणजे निर्लेखनाच्या, कागदांवर आत काय आहे हे विचारणारा रकाना हवाच.

तुमच्या निर्लेखन फॉर्मला तो रकाना जोडा. जुन्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरमध्ये किरणोत्सारी निकेल-६३ असतं, बाहेरून तो साधा धातूचा ठोकळा दिसतो. युरॅनिल ॲसिटेट आणि थोरियम नायट्रेटच्या बाटल्या जुन्या स्टोअरमध्ये हमखास सापडतात. हे सगळं बाजूला काढून अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारायचं. फ्रीज, संगणक, ओव्हन यांना २०२२ चे ई-कचरा नियम लागतात. वर्षात एक हजार उपकरणं वापरणारी संस्था 'बल्क कन्झ्युमर' ठरते आणि तिला नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती-नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच माल द्यावा लागतो. रिकाम्या तपकिरी बाटल्या तीनदा धुवा, पहिलं पाणी कचऱ्याच्या कॅनमध्ये, लेबल फाडा, मगच भंगारात. न धुतलेली बाटली कुर्ल्याच्या गोदामात कोणीतरी नाकाशी धरून बघतो.

९. भिंतीवर लावायच्या तारखा

जानेवारी आणि जुलै: फॉर्म बी. ३१ मे: पावसाळ्याआधीची कचऱ्याची गाडी. ३० जून: घातक कचऱ्याचा फॉर्म ४ आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा फॉर्म ४, दोन्ही एकाच तारखेला, नावं सारखी असल्याने एक भरून दुसरा भरला असं वाटतं. ३० सप्टेंबर: पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. अपघात झाला तर फॉर्म ११ मंडळाला ताबडतोब, चौकशी समितीचा अहवाल येईपर्यंत थांबू नका.

प्रत्येक लॅबच्या दाराबाहेर एक कागद: आत काय धोकादायक आहे, जबाबदार व्यक्तीचा आणि रात्रीच्या सुरक्षारक्षकाचा मोबाईल, १०१, १०८, महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६. कागद दाराच्या बाहेरच लावा. आग लागल्यावर आत जाऊन तो कोणी वाचणार नाही. मोबाईल नंबर दर जूनमध्ये स्वतः फोन लावून तपासा, कारण सुरक्षा एजन्सीचं कंत्राट बदललं की रक्षकाचा नंबर पहिल्यांदा बदलतो.